फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर होडीला नेमका कुठे बसवायचा?

पहिला फिशफाइंडर, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारा सेट, आणला तेव्हा त्याच्या ट्रान्सड्यूसरसाठी (पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) मी जागा अशी निवडलीच नाही. वायर जिथवर आरामात पोहोचली तिथे दोन स्क्रू मारले आणि मोकळा झालो. होडी देवगडकडची, चोवीस फुटी फायबर, मागे एक आऊटबोर्ड मशीन, म्हणजे बाहेरून फळीला लावायचं इंजिन. नांगर टाकून उभं राहिलं की पडद्यावर तळ लख्ख दिसायचा. मशीनला जरा जोर दिला की खोलीचा आकडा लुकलुकायला लागायचा आणि थोड्याच वेळात सगळा पडदा उभ्या रेघांनी भरून जायचा. दुकानदाराने सेट बदलून दिला, तरी तेच. आमच्या होडीवरचे जुने तांडेल काका एकदा मागे वाकून बघत म्हणाले, "झिला, पाणी उकळता थंय कान लावन तू काय ऐकतलंस?"

दोष सेटचा नव्हताच. जूनमध्ये मासेमारी बंद झाल्यावर होडी वर ओढली तेव्हा कळलं. वाळूवरून ओढताना बूड घासू नये म्हणून खाली लांब पट्ट्या मारलेल्या असतात, त्यातल्या एका पट्टीच्या बरोबर मागे मी ट्रान्सड्यूसर लावला होता. पट्टीच्या टोकाशी पाणी तुटून फेस व्हायचा आणि तो थेट ट्रान्सड्यूसरखालून जायचा.

पुढचं सगळं त्या पावसाळ्यात शिकलेलं आणि नंतर ओळखीच्यांच्या होड्यांवर करून पाहिलेलं आहे. मुख्य भर फायबरच्या आऊटबोर्ड होडीवर आहे. लाकडी होडी आणि मोठ्या बोटींबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

बुडबुड्यांचं एवढं काय?

ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो आणि तळावरून किंवा माशावरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो. 40 मीटर पाण्यात तो तळापर्यंत जाऊन परत यायला 53 मिलिसेकंद लागतात. या वेळावरून यंत्र खोली काढतं. पाण्यातून आवाज मजेत जातो, पण मध्ये हवा आली की जवळजवळ सगळा तिथूनच परत फिरतो. त्यामुळे ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखाली फेसाचा पातळ थर आला तरी यंत्र आंधळं होतं. महागातला सेट घेऊनही यात फरक पडत नाही.

म्हणून सगळा शोध एकाच गोष्टीचा आहे: होडी चालत असताना बुडाखालून अखंड, बिनफेसाचं पाणी कुठून वाहतं? ड्रिल त्यानंतर.

जागा शोधताना

होडी वर ओढलेली असेल तर बुडाखाली वाकून नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या फळीपर्यंत (मशीन लावतो ती मागची भिंत) एकेक रेघ नजरेने ओढा. वाटेत पट्टी, बुडाला दिलेली उभी धार, स्क्रूचं डोकं, पाणी काढायचं भोक, फायबरची दुरुस्ती केलेला उंचवटा, जे काही येईल त्याच्या मागची जागा बाद. मी खडूने मागच्या फळीवर अशा बाद जागांवर फुल्या मारतो. चार-पाच फुल्या पडल्या की मोकळी जागा आपोआप उरते, आणि ती बहुतेक वेळा आपल्याला वाटली होती त्यापेक्षा बरीच अरुंद असते.

मग मशीनचा पंखा. एकच मशीन असेल तर ट्रान्सड्यूसर पंख्यापासून किमान 38 सेंटिमीटर, म्हणजे पंधरा इंच, लांब ठेवा. हे अंतर मशीन सरळ धरून मोजू नका. मशीन पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून आणि वर उचलूनही बघा. वळणावर पंखा कुठवर येतो ते तेव्हाच कळतं. ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फार जवळ आला तर त्याच्यामुळे उठणारा फेस पंख्यात जातो आणि मशीन उगाच ओरडायला लागतं. दोन मशीन असतील तर दोघांच्या मधली जागा बहुधा सगळ्यात चांगली.

डावी बाजू की उजवी? आपल्याकडच्या बहुतेक एका मशीनच्या होड्यांचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. म्हणजे उजव्या बाजूला पाती वरून खाली येतात, डाव्या बाजूला खालून वर जातात. पाती खाली येणाऱ्या बाजूला पाणी कमी ढवळलेलं असतं, म्हणून उजवी बाजू घ्या. पंखा उलटा फिरणारा असेल तर बाजूही उलटी. मशीन न्यूट्रलला असताना पंखा हाताने फिरवून ठरवू नका. गिअर टाकून हळू चालवताना दुसऱ्याला मागून बघायला सांगा.

पठाणाच्या (बुडाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याच्या) जवळ, की कडेला? जितकं मध्याकडे तितकं बरं, कारण लाटेवर होडी कलली की कडेची जागा पाण्याबाहेर येते. पण अगदी पठाणाच्या मागे नको, तिथेही पाणी तुटलेलंच असतं. पंख्यापासूनचं अंतर आणि पठाण या दोघांच्या मध्ये जी वीतभर जागा उरते, ती आपली.

आता होडी पाण्यात टाका आणि तीच जागा चालत्या होडीतून बघा. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने मागे ओणवं होऊन पाणी बघायचं. मोबाईलवर व्हिडिओ काढला तर घरी बसून निवांत पाहता येतो. पण मोबाईल दोरीने मनगटाला बांधा. माझा एक समुद्राला वाहून झाला आहे. फळीपासून पाणी जिथे काचेसारखं गुळगुळीत सुटतं तिथे खूण करा. पांढरं, दुधाळ दिसतं ती जागा सोडा.

भोक पाडायच्या आधी फळीवर चाचणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग होडीच्या फळीला चाळणी होते. हातभर लांबीची एक जाड लाकडी फळी घ्या. तिच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसरचं ब्रॅकेट स्क्रूने लावा. ही फळी होडीच्या मागच्या फळीला दोन सी-क्लॅम्पने आवळा. क्लॅम्पला जाड दोरी बांधून होडीत अडकवायची, म्हणजे सुटला तरी जाणार नाही. वायर वरून मोकळी होडीत घ्या आणि फेरी मारा.

एका जागी पाच मिनिटं, मग चार बोटं सरकवून पुन्हा पाच मिनिटं. प्रत्येक जागी तीन गोष्टी लिहून ठेवा: उभं असताना तळ कसा दिसतो, जाळं मारायला जातो त्या वेगाने कसा, आणि जोरात परतताना कसा. मशीनवर आरपीएमचा काटा असेल तर कितीला तळ तुटला तो आकडा लिहा. मी तीन जागा पाहिल्या. पहिल्या दोन जागांत फरक फक्त चार इंचांचा होता, तरी एकीत निम्म्या जोरातच तळ गेला आणि दुसरीत पूर्ण जोरावरही आकडा टिकला. नुसत्या डोळ्यांनी या दोन जागा मला वेगळ्या वाटल्या नसत्या.

मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते. तेव्हा होडी वर असल्याने ही चाचणी करता येत नाही. म्हणून ती मे संपायच्या आत उरका, खूण करून ठेवा आणि भोकं, चिकटवणं वगैरे काम बंदीत करा.

उंची आणि कोन

जागा ठरली की दोन मापं उरतात, आणि दोन्ही मिलिमीटरची आहेत.

फायबरच्या होडीला ट्रान्सड्यूसरचं तोंड बुडाच्या कडेपेक्षा साधारण 3 मिलिमीटर खाली असावं, ॲल्युमिनियमच्या बोटीला साधारण 10. बुडाचा आकार व्ही असेल तर हे माप ट्रान्सड्यूसरच्या पठाणाकडच्या कडेपाशी घ्या, कारण बूड तिकडे खाली उतरत जातं. तोंड वर राहिलं तर फळीच्या कडेवरून सुटणारी हवा त्याच्याखालून जाते. फार खाली गेलं तर मागे कारंजं उडतं, ब्रॅकेटवर ताण येतो आणि तरंगतं जाळं किंवा प्लास्टिक हमखास त्यालाच अडकतं.

कोन होडी चालत असतानाचा बघायचा. किनाऱ्यावर लाकडी ओंडक्यांवर उभ्या होडीत पाणसळ लावून काही कळत नाही. चालताना नाळ किती उचलते ते लक्षात घ्या आणि त्या स्थितीत ट्रान्सड्यूसरचं तोंड पाण्याला समांतर यावं असं ठेवा. मागची कड केसभर खाली गेली तर चालते, पुढची कड खाली झुकलेली मात्र नको. तसं झालं की तोंडाच्या मागच्या भागात पोकळी होऊन फेस धरतो. डावीकडून उजवीकडे मात्र सपाटच हवं. बूड व्ही आहे म्हणून ट्रान्सड्यूसरही तसाच तिरका लावलेला मी अनेक होड्यांवर पाहिला आहे.

तिरकेपणाने काय होतं याचा हिशेब सोपा आहे. 200 किलोहर्ट्झचा आवाज अरुंद शंकूसारखा खाली जातो. हा कोन मॉडेलप्रमाणे बदलतो, समजा 20 अंश आहे. 20 मीटर पाण्यात तळावर साधारण 7 मीटर व्यासाचं वर्तुळ पडतं. ट्रान्सड्यूसर 10 अंश कलला तर ते वर्तुळ साडेतीन मीटर बाजूला सरकतं, म्हणजे होडीच्या बरोबर खालची जागा वर्तुळाच्या अगदी कडेला येते. खडपाचं (पाण्याखालच्या खडकाचं) टोक पडद्यावर दिसतं पण गळ टाकला की लागत नाही, अशी तक्रार असेल तर आधी कोन तपासा. 50 किलोहर्ट्झचा शंकू बराच रुंद असतो, तिथे हा दोष झाकला जातो, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मासे पडद्यावर कमानीसारखे दिसतात; त्या कमानी अर्ध्याच उमटत असतील, एक बाजू लांब आणि दुसरी गायब, तर कोन पुढे-मागे चुकला असण्याची शक्यता मोठी.

भोकं पाडताना

माझा आग्रह असा की होडीच्या फळीत पाण्याखाली थेट स्क्रू मारूच नका. आधी एक ठोकळा लावा. मरीन प्लायचा पंजाएवढा तुकडा घेऊन त्याला सगळ्या बाजूंनी रेझिन आणि मॅट (फायबरचं कापड) मारून घ्या आणि तो इपॉक्सीने मागच्या फळीला चिकटवा. फायबरचं काम करणारा कुणीही हे अर्ध्या दिवसात करून देतो. ब्रॅकेटचे स्क्रू त्या ठोकळ्यात. उद्या ब्रॅकेट हलवावं लागलं, सेट बदलला, तरी नवी भोकं ठोकळ्यातच पडतात. काही जण स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड कापून लावतात. कल्पना वाईट नाही, पण त्या प्लास्टिकला इपॉक्सी धरत नाही. तो स्क्रूनेच बसवावा लागतो, म्हणजे फळीला भोकं आलीच.

भोकांची एवढी भीती का? बऱ्याच फायबर होड्यांच्या मागच्या फळीत आत प्लायवूड असतं. बाहेरून फायबर धडधाकट दिसतं आणि स्क्रूच्या भोकातून पाझरलेल्या पाण्याने आतलं लाकूड कुजत राहतं. मशीनचं सगळं वजन त्याच फळीवर. थेट स्क्रू मारायचेच असतील तर भोक थोडं मोठं पाडा, ते इपॉक्सीने भरून सुकू द्या आणि मग त्या भरावात स्क्रूच्या मापाचं भोक पाडा. पाणी लाकडापर्यंत जात नाही.

ड्रिलच्या बिटला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे आरपार जाणार नाही. फळीवरही चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण केली की वरचा गुळगुळीत थर उडत नाही. स्क्रू 316 दर्जाचेच स्टेनलेस घ्या, साध्याला खाऱ्या पाण्यात गंज येतो. भोकात आणि स्क्रूच्या डोक्याखाली बोटींसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट भरा. ब्रॅकेटला लांबट खाचा असतात, पहिल्यांदा स्क्रू त्या खाचांच्या मधोमध मारा, म्हणजे नंतर वर-खाली करायला दोन्हीकडे जागा राहते.

वायर

ट्रान्सड्यूसरची वायर कापून आखूड करू नका आणि मध्ये जोडही देऊ नका. जास्तीची वायर सैल गुंडाळून मशीनपासून दूर ठेवा. फळीवरून आत घेताना आधी खाली एक झोल सोडा, पाणी तिथून ठिबकतं. मशीनच्या वायरी आणि व्हीएचएफ रेडिओच्या वायरीला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच तर काटकोनात ओलांडा. सेटची वीज थेट बॅटरीवरून घ्या आणि मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाका.

पडद्यावर रेघा येत असतील तर आधी एक चाचणी करा, बरेच पैसे वाचतात. होडी नांगरावर, मशीन न्यूट्रलला, आणि रेस वाढवा. रेघा आल्या तर विजेचा गोंधळ आहे, वायरीची वाट बदला. उभ्या होडीत कितीही रेस दिली तरी पडदा स्वच्छ आणि चालू लागलं की रेघा, तर फेस आहे, जागा किंवा उंची बदला. शेजारी दुसरी होडी त्याच फ्रिक्वेन्सीचा सेट चालवत असली तरी ठिपक्यांच्या तिरक्या रांगा येतात. ती लांब गेली की जातात, त्यासाठी काही उघडू नका.

बुडाच्या आतून बसवता येतो का?

येतो, काही होड्यांना. आवाज भरीव, एकेरी फायबरमधून जातो. थोडा कमजोर होतो, पण किनारपट्टीच्या उथळ पाण्यात पुरतो. भोक नाही, वाळूवर होडी ओढताना मोडायची भीती नाही, बाहेर शेवाळही धरत नाही. रोज होडी वर ओढणाऱ्यांना हा मार्ग सगळ्यात सोयीचा.

अटी मात्र कडक आहेत. लाकडी बुडावर फायबर मारलेली होडी असेल तर चालत नाही. बुडात मध्ये फोम भरलेला असेल तर चालत नाही. धातूच्या बुडाला या प्रकारचा साधा ट्रान्सड्यूसर चालत नाही. तळाचे फोटोसारखे चित्र दाखवणारे डाउन किंवा साइड इमेजिंगही आतून मिळणार नाही, आणि तापमान दिसेल ते पाण्याऐवजी बुडाचं.

चिकटवण्याआधी खात्री करा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, त्यात ट्रान्सड्यूसर बुडवा, तोंड बांधा आणि पठाणाच्या बाजूला मागच्या भागात बुडावर ठेवा. पिशवीखालीही थोडं पाणी ओता, नाहीतर हवेचा थर राहतो. नेहमी जाळं मारता तेवढ्या खोल पाण्यात जा. तळ दिसला की तोच ट्रान्सड्यूसर बाहेरून पाण्यात बुडवून दोन्ही चित्रं ताडून पाहा. फार फरक नसेल तर जागा पास. तिथलं फायबर घासून सपाट आणि कोरडं करा, हळू सुकणारी दोन भागांची इपॉक्सी ओता आणि ट्रान्सड्यूसर गोल फिरवत दाबा. पाच मिनिटांत सुकणारी इपॉक्सी नको, तिच्यातले बुडबुडे बाहेर यायच्या आत ती कडक होते आणि आपण पुन्हा मूळ रोगाकडे येतो. वर वजन ठेवून रात्रभर हात लावू नका.

लाकडी होड्या आणि मोठ्या बोटी

लाकडी होडीला किंवा उलांडीच्या (तोल राखायला बाजूला ओंडका जोडलेल्या) होडीला बाजूने पाईपवर लावलेला ट्रान्सड्यूसर हाच व्यवहार्य उपाय. काठाला क्लॅम्प, त्यात उभा पाईप, खाली ट्रान्सड्यूसर, आणि जागेवर पोहोचल्यावर पाईप खाली सोडायचा. चालताना तो वर घ्यावा लागतो, कारण वेगात पाईपभोवतीच फेस होतो. गळाने किंवा दोरीने मासे पकडणाऱ्यांचं यावर उत्तम भागतं.

चार-सहा सिलेंडरचं मशीन आत बसवलेल्या मोठ्या बोटीत बुडाला भोक पाडून ट्रान्सड्यूसर बसवतात. जागा मशीनच्या आणि पंख्याच्या पुढे. संथ चालणाऱ्या जड बोटीला पाण्यात असलेल्या लांबीचा नाळेकडून एक तृतीयांश भाग सोडून, पठाणापासून 15 ते 30 सेंटिमीटर बाजूला. बूड तिरकं असेल तर खाली ठोकळा घडवून तोंड सपाट करतात. लाकडी बुडात प्लास्टिकची बॉडी घालू नका, लाकूड फुगलं की ती तडकते, ब्राँझ घ्या. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बुडाला उलट ब्राँझ नको, दोन धातूंमुळे बूडच खात जातं. हे काम मात्र सुक्या गोदीत आणि जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. इथली चूक म्हणजे थेट बोटीत पाणी.

बसवल्यानंतर

पहिल्या फेरीत पान्हा खिशात ठेवा. वेगात तळ तुटला तर ट्रान्सड्यूसर 3 मिलिमीटर खाली घ्या, पुन्हा पळवा. मागे कारंजं दिसलं तर तेवढाच वर. एका वेळी एकच गोष्ट बदला, उंची आणि कोन एकदम हलवले तर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

पडद्यावरची खोली ट्रान्सड्यूसरपासूनची असते, पाण्याच्या पृष्ठभागापासूनची नाही. आणि मशीनचा खालचा भाग ट्रान्सड्यूसरपेक्षा बराच खाली असतो. खाडीच्या तोंडावर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाळूचा पट्टा उथळ होतो, तिथे हा फरक अंगाशी येतो. संथ पाण्यात होडी उभी करून दोरीला शिसं बांधून सोडा, ओल्या दोरीची लांबी मोजा आणि सेटमध्ये खोलीची दुरुस्ती टाका. काका अजून खोली वावांतच सांगतात, म्हणून मी पडद्याच्या खाली मार्करने 1 वाव म्हणजे 1.8 मीटर असं लिहून ठेवलं आहे.

तोंडावर शेवाळ आणि टोकदार कवचं धरली की चित्र हळूहळू मंद होत जातं, आपल्याला वाटतं सेट जुना झाला. मऊ फडकं आणि साबणाचं पाणी पुरतं. पत्र्याने खरवडू नका. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन लावलं तर प्लास्टिकचं तोंड खराब होतं, त्यामुळे शेवाळ धरू नये म्हणून लावायचा रंगही पाण्यात मिसळणारा आणि ट्रान्सड्यूसरसाठीचाच घ्या. होडी रंगवायला दिली असेल तर तिथे स्वतः उभे राहा. बुडाचा लाल रंग ट्रान्सड्यूसरवरही सरसकट फासलेला मी दोनदा खरवडून न काढता धुऊन काढायची खटपट केली आहे, आणि दोन्ही वेळा शेवटी नवा घ्यावा लागला.

आणि होडी वर ओढायच्या आधी ब्रॅकेट वर उचला. आमच्याकडे दोरीला हात घालण्याआधी कुणीतरी "कान वर!" ओरडतो, मगच सगळे जोर लावतात.